बेअरिंग आलं नाही, असं मी म्हणालो

धुळ्याच्या बाहेर, मुंबई-आग्रा रस्त्याला लागून माझं वर्कशॉप आहे. ट्रॉल्या, ट्रेलर, पाण्याचे टँकर, असली चाकांवरची कामं माझ्याकडे येतात. वेल्डिंग आहे, लेथ आहे, मागे मोकळं पटांगण आहे. कापसाच्या ट्रॉल्या आल्या, कांद्याच्या आल्या, एकदा वरातीचा रथ आला होता; त्याचं चाक निखळलं होतं आणि नवरदेव फेटा मांडीवर घेऊन माझ्या खुर्चीत चहा पीत बसला होता. म्हणजे मला कशाचं फारसं नवल वाटत नाही. पण गेल्या जानेवारीत एका सकाळी एक जीप रस्त्याच्या कडेकडेनं, लंगडत आली, आणि तिच्या मागच्या ट्रेलरवर जे होतं ते बघून मी हातातला ग्राइंडर बंद केला.

शिडाची बोट होती.

पांढरी, पोटाला निळा पट्टा, डोलकाठी उतरवून पाठीवर आडवी बांधलेली. चोवीस फुटी असेल, मी मनात म्हणालो. नंतर टेप लावून बघितली तर पंचवीस भरली. रस्त्यावरचे दोन-तीन मोटारसायकलवाले थांबले. एक म्हणाला स्पीडबोट आहे, दुसरा म्हणाला नेव्हीची असेल. मला ती बोट माहीत होती. तीच नव्हे, पण तिच्यासारख्या शंभर तरी मी आतून-बाहेरून पाहिल्या होत्या. मोबाईलवर.

हे सांगायला हवं. पाच-सहा वर्षं झाली, दुपारचं जेवण झालं की मी पाऊण तास व्हिडिओ बघतो. जगभरातली माणसं घरदार विकून शिडाच्या बोटीवर राहायला जातात आणि रोज काय केलं ते दाखवतात. नांगर कसा टाकला, शीड फाटलं ते कसं शिवलं, पावसाचं पाणी कसं साठवलं. त्यांची भाषा निम्मी कळत नाही, पण हात काय करतात ते मला कळतं. घरी याला ‘ह्यांचा समुद्र’ म्हणतात. ‘ह्यांचा समुद्र चालू आहे, नंतर फोन करा,’ असं बायको नातेवाइकांना सांगते. माझा खरा समुद्र म्हणजे मुलीच्या अ‍ॅडमिशनला मुंबईला गेलो तेव्हा लाँचमधून केलेली तासाभराची फेरी, एवढाच.

तरुणपणी एकदा संधी आली होती. जळगावला आयटीआयला होतो, टर्नरचा कोर्स. मेहरूणला चौघांत मिळून एक खोली होती, संध्याकाळी तलावाच्या काठावर जाऊन बसायचो. शेवटच्या वर्षी जहाजावरच्या कामगारांच्या ट्रेनिंगचा अर्ज भरला होता आणि मला बोलावणं आलं. त्याच आठवड्यात धुळ्याला हायवेवर एक बंद पडलेलं गॅरेज लेथसकट भाड्यानं मिळत होतं. वडील म्हणाले, तुला जे वाटेल ते कर. शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावातून कुणी मला अडवलं नाही, कुणी रडलं नाही. गॅरेज मी निवडलं. त्यामुळे दोष द्यायलाही माझ्याकडे कुणी नाही, आणि हे जास्त अवघड जातं.

तर जीप थांबली. आतून माझ्याच वयाचे एक गृहस्थ उतरले, डोक्यावर कापडी टोपी, पायात चपला. दुसऱ्या बाजूनं त्यांच्या पत्नी उतरल्या, सलवार-कमीज, केस अर्धे पांढरे, गळ्यात चष्म्याची दोरी.

“भाऊ, चाकातून धूर येऊ राह्यला,” ते म्हणाले.

‘येऊ राह्यला’ ऐकलं आणि माझे कान टवकारले. हे तर आपल्याकडचं बोलणं. आमच्या शिंदखेड्याकडचं नव्हे, तिकडचं, केळीच्या पट्ट्यातलं.

“कुठले तुम्ही?”

“मूळचे यावलचे. आता पुण्याला असतो.”

चाक खोललं. बेअरिंग जळून गेलं होतं आणि ज्या दांड्यावर ते बसतं तो स्टब अ‍ॅक्सलही खरवडला होता. मी त्यांना सांगितलं, वेल्डिंगनं भरून लेथवर टर्निंग करावं लागेल, ते माझ्याकडे होईल. बेअरिंग मात्र या मापाचं धुळ्यात नाही, जळगावहून मागवतो. दोन दिवस धरा.

“दोनच ना?” त्यांनी पत्नीकडे बघितलं. “सोमवारी रत्नागिरीला क्रेन सांगितली आहे. बोट पाण्यात उतरवायला.”

गुरुवार होता. मी म्हणालो, शनिवारी सकाळी निघाल.

माझं काम चालू असताना त्यांनी सगळं सांगितलं. घरी केळीची शेती, ती त्यांचा भाऊ बघतो. हे इंजिनियर झाले, पुण्यात कंपनीत पंचवीस वर्षं काढली, मुलगा नोकरीला लागल्यावर राजीनामा दिला. भोपाळच्या तलावावर एकाची ही बोट पडून होती, ती घेतली. दोघांनी मुंबईला पंधरा दिवसांचा कोर्स केला. आता रत्नागिरीहून निघायचं आणि किनाऱ्या-किनाऱ्यानं गोवा, कारवार करत जमेल तितकं खाली जायचं. पावसाळ्याआधी बोट कुठेतरी वर काढायची. घर भाड्यानं देऊन टाकलंय.

मी ऐकत होतो आणि पान्हा फिरवत होतो. ते मुंबईचे असते, पारशी असते, मिलिटरीवाले असते, तर मला काही वाटलं नसतं, हे मी खरं सांगतो. अशा लोकांच्या बोटी असतात हे मी धरूनच चाललो होतो. पण हा माणूस यावलचा. यानंही लहानपणी केळीच्या पानांवर जेवून एसटीची वाट बघितली असणार. समुद्रापासून तोही तितकाच लांब जन्मला होता जितका मी. मग तो कसा पोचला? माझ्या छातीत काहीतरी आवळल्यासारखं झालं आणि नट मी गरजेपेक्षा जास्त घट्ट केला.

“बघायची का आतून?” दुपारी त्यांनी विचारलं.

मी साबणानं दोनदा हात धुतले. शिडी लावली, चपला खाली काढल्या. वर चढल्यावर पायाखाली ते खरखरीत फायबर लागलं आणि मी थोडा वेळ नुसता उभा राहिलो. वरून माझं पटांगण वेगळंच दिसत होतं. भंगाराचा ढीग, पाण्याची टाकी, पलीकडे रस्त्यावरून जाणारे ट्रक.

ते दाखवू लागले. “ही चरखी, हिला दोरी गुंडाळायची.”

“विंच,” मी म्हणालो.

“हां, विंच. आणि ही दोरी शीड वर ओढायची.”

“ही नाही. ही शीड आत-बाहेर करायची. वर ओढायची ती डोलकाठीतून येते, आता तुम्ही ती बांधून ठेवली आहे.”

त्यांनी दोरी हातात धरून बघितली. “बरोबर आहे तुमचं. मी नेहमी चुकतो. ही नाही चुकत,” त्यांनी पत्नीकडे बोट दाखवलं. “तुम्ही कुठे शिकलात भाऊ?”

“मोबाईलवर.”

ते हसतील असं मला वाटलं होतं. हसले नाहीत. “मग समुद्रावर किती गेलात?”

“नाही गेलो.”

त्यांच्या पत्नी, ताई, खाली केबिनमध्ये होत्या, त्या म्हणाल्या, “या ना आत, डोकं सांभाळा.”

आत वाकूनच उभं राहावं लागत होतं. दोन बाजूंना दोन बाकं, रात्री तीच झोपायची. एका कोपऱ्यात लहानशी शेगडी, ती अशी टांगलेली की बोट कलली तरी भांडं सरळ राहील. शेगडीवर चहा उकळत होता. फळीवर मसाल्याच्या बाटल्या, पुढे इलॅस्टिक लावलेलं, म्हणजे लाटेत पडू नयेत. आणि बाकांखालच्या प्रत्येक कप्प्यावर ताईंनी कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. निळ्या शाईत, शाळेच्या वहीतल्यासारखं सुबक अक्षर. ‘दोर’. ‘दिवे’. ‘औषधं’. ‘पीठ-डाळ’. एका कप्प्यावर ‘हे उघडू नये – लाडू’.

त्या पट्ट्यांनी मला सगळ्यात जास्त टोचलं. शिडं, विंचा हे सगळं मी व्हिडिओत पाहिलं होतं, त्याची मला सवय होती. पण ‘पीठ-डाळ’ मी कुठल्याही व्हिडिओत पाहिलं नव्हतं. मी जे स्वप्न बघत आलो होतो त्यात माणसं परकी होती, मी त्यात प्रेक्षक होतो. इथे आमच्या घरातलं पीठ-डाळ बोटीत बसलं होतं. म्हणजे हे जमण्यासारखं होतं. इतकी वर्षं जमण्यासारखं होतं.

“आडवे होऊन बघा की,” ते गृहस्थ वरून म्हणाले. “मापात बसता का बघा.”

मी आडवा झालो. वर छतात एक चौकोनी झाकण उघडं होतं, त्यातून आकाशाचा तुकडा दिसत होता. बाहेर ट्रकचे हॉर्न वाजत होते. मी डोळे मिटले आणि मला उठावंसं वाटेना. ताईंनी चहाचा कप पुढे केला तेव्हा उठलो.

त्या रात्रीपासून ते दोघं बोटीतच झोपत होते, जेवायला मात्र आमच्याकडे येत होते. घर वर्कशॉपच्या मागेच आहे. बायकोनं कळण्याची भाकरी आणि शेवभाजी केली. ताईंशी तिचं लगेच जमलं. आमच्या घरात त्यांना ‘बोटवाले भाऊ’ आणि ‘बोटवाल्या ताई’ हीच नावं पडली. जेवताना भाऊ कोर्समधल्या गोष्टी सांगत होते. पहिल्यांदा वारा शिडात भरला आणि बोट एका अंगावर कलली तेव्हा ते ओरडले होते वगैरे. बायको हसत होती. मी मान खाली घालून भाकरी चुरत होतो.

“तुम्ही काही बोलत नाही आज,” ती म्हणाली. “एरवी बोटीबद्दल विचारलं की थांबत नाही.”

“दमलोय,” मी म्हणालो.

शुक्रवारी अ‍ॅक्सलचं काम झालं. लेथवर मीच बसलो, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आणि शुक्रवारी संध्याकाळी जळगावहून एसटीच्या पार्सलनं बेअरिंग आलं. स्टँडवर जाऊन मी स्वतः घेतलं. वर्कशॉपला आलो तर भाऊ फाटकातच उभे होते.

“आलं का?”

खोकं माझ्या पिशवीत होतं. अर्ध्या-पाऊण तासाचं काम उरलं होतं. सकाळी सहाला ते रस्त्याला लागले असते.

“नाही आलं,” मी म्हणालो. “उद्याच्या गाडीनं येईल म्हणतात.”

मी आधी ठरवून बोललो नव्हतो. तोंडातून निघालं. का, असं मी स्वतःला नंतर पुष्कळदा विचारलं. एक कारण असं की बोट आणखी एक दिवस माझ्या पटांगणात राहावी असं मला वाटत होतं. ते कारण बरं दिसतं. दुसरंही होतं. ते दोघं इतके सरळ, इतके वेळेवर निघून जाणार, आणि त्यांच्यापुढे सगळा समुद्र मोकळा पडलेला. त्यांना थोडी तरी अडचण यावी, असं वाटलं. माझ्या हातानं यावी असंही वाटलं. भाऊंचा चेहरा उतरला तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं. मग खोकं मी ऑफिसात ऑइलच्या डब्यांमागे ठेवून दिलं.

“चला, एक दिवस धुळं बघू,” ताई म्हणाल्या. त्यांनी कुरकूर केली नाही.

शनिवारी सकाळी ते दोघं रिक्षानं शहरात गेले. कामगार रस्त्याच्या बाजूला एका टँकरवर होते. मी शिडी लावली, चपला काढल्या आणि कुणाला न विचारता बोटीवर चढलो.

मागच्या बाजूला सुकाणूचा दांडा बसवण्याची जागा होती. दांडा काढून बाजूला बांधला होता. मी तो सोडला आणि नुसता हातात धरून बसलो. खाली सुकाणूच नव्हतं, म्हणजे त्या दांड्याला काही अर्थ नव्हता. तरी धरला. उन्हात तापला होता. मी समोर बघत होतो आणि मनात बोट चालवत होतो. पण खरं सांगायचं तर समुद्र काही केल्या डोळ्यांपुढे येईना. येत होते ते भाऊ. भाऊ इथे बसले आहेत, ताई आतून चहा देत आहेत, आणि मी कुठेतरी काठावर उभा आहे. स्वतःच्या कल्पनेतही मला जागा मिळत नव्हती.

शिडी हलली. बायको वर येत होती. मनगटाला माझ्या डब्याची पिशवी, काखेत ते खोकं.

“हाई काय शे?” तिनं विचारलं. माहेरची बोली ती एरवी वापरत नाही. चिडली की वापरते.

मी हातातला दांडा खाली ठेवला.

“चहाचा डबा शोधत होते, त्या ऑइलच्या डब्यांमागे हे सापडलं. कालचं पार्सल आहे, तारीख आहे वर.”

“ताईंना सांगितलंस?”

“नाही. आधी तुम्हाला विचारते. का केलं असं?”

मी म्हणालो, असंच. तिनं खोकं माझ्या मांडीवर ठेवलं आणि समोर बसली. बराच वेळ ती इकडे-तिकडे बघत राहिली, दोरांकडे, आडव्या डोलकाठीकडे. मग म्हणाली, “माले बठ्ठं समजस. सगळं कळतं मला. त्या माणसाकडे तुम्ही कसे बघता ते मी दोन दिवस बघते आहे. तुमच्या धाकट्या भावानं नवं घर बांधलं तेव्हाही असेच बघत होता.”

“घराचं वेगळं.”

“वेगळं काय त्यात?”

ती उठली, वाकून केबिनमध्ये गेली. कप्पे उघडल्या-मिटल्याचा आवाज येत होता. बराच वेळ ती बाहेर आली नाही. मी हाक मारली तर म्हणाली, “थांबा जरा, बघू द्या.” आणि मग आतूनच, वेगळ्या आवाजात, “किती छान लावलंय हो सगळं.”

बाहेर आल्यावर मात्र पुन्हा पहिल्यासारखी झाली. “संध्याकाळपर्यंत चाक लागलं पाहिजे.”

संध्याकाळपर्यंत लागलं. दुपारच्या गाडीनं आलं, असं मी भाऊंना सांगितलं. दुसरं खोटं. तोवर अंधार पडायला आला होता; ट्रेलर घेऊन घाटातून अंधारात जायला नको म्हणून ते रविवारी पहाटे निघाले. निघताना भाऊंनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

“भाऊ, एक सांगू? तुम्ही या. पंधरा दिवस या. मला दोऱ्या कळत नाहीत, तुम्हाला कळतात. मी खरं सांगतो, मला तुमच्यासारखा माणूस पाहिजे बोटीवर.”

मला वाटतं एवढ्या आग्रहानं कुणी मला कधीच बोलावलं नव्हतं. आणि मी म्हणालो, “सध्या ट्रॉल्यांचा सीझन आहे.”

“सीझन संपल्यावर?”

“बघू.”

जीप रस्त्याला लागली. बोटीचा मागचा पांढरा भाग पुलापर्यंत दिसत होता. बायको शेजारी उभी होती. ती म्हणाली, “का नाही म्हणालात?”

मी तिला कारणं सांगितली. कामगार, ऑर्डरी, गुडघा. तिनं ऐकून घेतलं. खरं कारण मी तेव्हा सांगितलं नाही, आता लिहितो. पाहुणा म्हणून मला त्या बोटीवर जायचं नव्हतं. ज्याच्या मालकीची आहे त्याला दोऱ्या ओढून द्यायच्या आणि पंधरा दिवसांनी पिशवी उचलून परत यायचं, हे मला सोसलं नसतं. पूर्ण मिळत नसेल तर थोडंही नको, असला माझा हट्ट. लहान मुलं करतात तसला.

तीन आठवड्यांनी ताईंचा बायकोला फोन आला. बोट पाण्यात आहे, एका खाडीत नांगरली आहे, चार दिवस ये. बायको फोन ठेवून माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मी जाऊ?”

“तू?”

“हो. ताई बोलावताहेत.”

“तुला पोहता येत नाही.”

“तुम्हाला कुठे येतं?”

ती गेली. धुळ्याहून पुणे, पुण्याहून रत्नागिरी, एकटी, एसटीनं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, एवढ्या लांब ती एकटी कधी गेली नव्हती. चार दिवसांचे सहा झाले. रोज फोटो यायचे. पहिल्या दिवशी लाइफ जॅकेट घालून, घाबरलेली, दोन्ही हातांनी कठडा धरलेली. दुसऱ्या दिवशी शेगडीपाशी भाकरी थापताना. चौथ्या दिवशी एक व्हिडिओ आला. वीस सेकंदांचा असेल. बायको सुकाणूचा दांडा धरून बसली आहे, पदर कमरेला खोचलेला, वाऱ्यानं केस तोंडावर येताहेत, आणि ती समोर कुठेतरी बघते आहे. मागून ताईंचा आवाज, “थोडं डावीकडे, हां, अस्सं.” ती कॅमेऱ्याकडे बघतही नाही.

मी तो व्हिडिओ वर्कशॉपमध्ये, ट्रॉलीच्या सावलीत उभा राहून पाहिला. आणि मला सांगायला लाज वाटते, पण स्वतःच्या बायकोचा मला हेवा वाटला. भाऊंचा वाटला होता त्याहून जास्त. तिनं कधी एक व्हिडिओ पाहिला नव्हता. दुपारी माझ्या मोबाईलचा आवाज कमी करायला सांगायची. आणि इतकी वर्षं मी ज्याच्याकडे नुसता बघत आलो ते तिला चार दिवसांत, न मागता मिळालं. मी उत्तरात काहीच पाठवलं नाही. संध्याकाळी तिचा फोन आला तर मी टँकरच्या कामाबद्दलच बोललो.

परत आली तेव्हा तिचं नाक सोललं होतं. पिशवीतून सुकी कोलंबी काढली, कोकम काढलं. ती सांगू लागली आणि मी तिला मधेमधे थांबवू लागलो. ती म्हणाली मोठं कापड. मी म्हणालो, मेनसेल. ती म्हणाली तो आडवा दांडा डोक्यावरून गेला. मी म्हणालो, बूम. चौथ्यांदा असं झाल्यावर ती थांबली.

“तुम्हाला ऐकायचं आहे की मला शिकवायचं आहे?”

मी म्हणालो, ऐकायचं आहे. पण मला दोन्ही नको होतं. ती तिथे गेलीच नसती तर बरं, असं मला वाटत होतं, आणि हे मनात आलं तेव्हा मी उठून बाहेर गेलो. पटांगणात जिथे बोट उभी होती तिथे आता कांद्याची ट्रॉली होती. मी तिच्या चाकांभोवती उगीच एक फेरी मारली. दुसऱ्या दिवसापासून दुपारचे व्हिडिओ बंद केले. बायकोच्या लक्षात आलं.

फेब्रुवारी संपता संपता भाऊंचा फोन आला. मला, थेट. सुकाणू ज्या पिनवर फिरतं ती पिन झिजली होती, जवळपास कुणी नीट करून देईना. “तुम्ही स्टेनलेसमध्ये करून पाठवाल का? माप देतो.”

“देतो करून,” मी म्हणालो. आणि मग फोन ठेवायच्या ऐवजी म्हणालो, “भाऊ, तुम्हाला एक सांगायचं राहिलं. बेअरिंग शुक्रवारीच आलं होतं.”

“कुठलं बेअरिंग?”

“तुमच्या ट्रेलरचं. शुक्रवारी संध्याकाळी आलं होतं. मी शनिवारी लावलं. मुद्दाम.”

फोनमध्ये वाऱ्याचा आवाज येत होता. कुठेतरी दोरी कशावर तरी टकटक आपटत होती.

“क्रेन चुकली आमची,” शेवटी भाऊ म्हणाले. “सोमवारी पोचायला दुपार झाली, क्रेन दुसरीकडे निघून गेली. मग पाच दिवस तिथेच ट्रेलरवर काढले. रस्त्यालगत. हिला ताप आला होता तिथे.”

माफ करा म्हणालो. का केलं असं त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, सगळं. तयारी केली होती मी. त्यांनी विचारलं नाही. कदाचित त्यांना माहीत होतं, किंवा माहीत करून घ्यायचं नसेल.

“माप व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो,” एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

दहा मिनिटांनी माप आलं. वहीच्या कागदावर काढलेली आकृती होती, अक्षर ताईंचं. मी हातातलं काम बाजूला ठेवलं. पहिली पिन अर्ध्या सुतानं बारीक झाली, टाकून दिली. दुसरी बरोबर झाली, तरी पॉलिश करताना एक ओरखडा दिसला म्हणून तिसरी केली. दोन्ही चांगल्या पिना कापडात गुंडाळल्या आणि संध्याकाळच्या पार्सलनं पाठवल्या. बायको स्टँडपर्यंत सोबत आली. परत येताना मी तिला सांगितलं की भाऊंना खरं काय ते बोललो.

“मग काय म्हणाले?”

“माप पाठवलं.”

ती थोडं चालली. मग म्हणाली, “ताईंना ताप आला होता ते मला माहीत होतं. तिथे गेले तेव्हा त्यांनीच सांगितलं. कशामुळे ते मी त्यांना सांगितलं नाही.”

म्हणजे सहा दिवस ती माझं खोटं बरोबर घेऊन त्या बोटीवर राहिली होती. त्यांच्या शेगडीवर भाकरी थापत होती. व्हिडिओत ती समोर बघत होती तेव्हा तिच्या मनात काय चाललं असेल, याचा मी एकदाही विचार केला नव्हता. मला फक्त दांडा दिसला होता.

पाच दिवसांनी भाऊंचा मेसेज आला. पिन बसली. एक लावली, एक जादा म्हणून ठेवली. पुढे लिहिलं होतं, पावसाळ्याआधी शेवटचा टप्पा आहे, कारवारपर्यंत, दोघं या. वहिनींना नक्की आणा, त्यांना सुकाणू धरता येतं.

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. पुन्हा तेच, छातीत आवळल्यासारखं. एवढं सगळं होऊनही ते गेलेलं नव्हतं आणि जाईल असं मला आता वाटतही नाही. मोबाईल मी बायकोकडे दिला. तिनं वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“तिकिटं काढून ठेव,” मी म्हणालो.

“किती?” तिनं विचारलं. ती खरंच विचारत होती.

“दोन,” मी म्हणालो.